पोत्यातला उजेड

मामांना मी पहिल्यांदा पाहिलं ते रस्त्यात. ते एका सायकलरिक्षाच्या शेजारून पायी चालले होते आणि त्यांचा एक हात रिक्षाच्या सीटवर होता. सीटवर माणूस नव्हता. एका जुन्या उशीवर पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी बसलं होतं. खड्डा आला की रिक्षावाला खाली उतरून रिक्षा हळूहळू ढकलायचा आणि मामा म्हणायचे, "आहिस्ता मियाँ, आहिस्ता. जनाना सवारी समझो."

मला वाटलं, देवाची मूर्ती असणार. मी कडेला झालो, चपला काढल्या आणि हात जोडले. मामा थांबले. माझ्याकडे बघितलं, पंच्याचा कोपरा उचलून आतलं मला दाखवलं आणि म्हणाले, "वीट हाय. काचेची. नमस्कार करायला हरकत नाय."

त्याच संध्याकाळी खोली बघायला म्हणून छावणीतल्या एका पत्त्यावर गेलो, तर दार उघडायला तेच गृहस्थ. सगळी छावणी त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही.

मी पुण्याहून इंजिनिअर होऊन आलो होतो. सरकारी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता. गावाचं नाव तेव्हा औरंगाबाद. नोकरी लागून आठ दिवस झाले होते आणि त्या आठ दिवसांत मी एका मोरीचा अंदाजपत्रकी आराखडा तपासला होता, एवढ्या भांडवलावर स्वतःला मोठा बांधकामवाला समजत होतो. घरमालक माझी नोकरी, जात, गाव, लग्न यांची चौकशी करतील म्हणून मी उत्तरं घोकून गेलो होतो. मामांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"पाय आपटून चालता का?"

"नाही."

"झोपेत लाथा झाडता?"

"कुणी सांगितलं नाही अजून."

"दार लोटता का आपटता?"

मी लोटतो म्हणालो. तरी त्यांनी मला अनवाणी खोलीत चार फेऱ्या मारायला लावल्या आणि स्वतः खाली बसून खाटेखालच्या एका पोत्याला कान लावला. मग उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "पास. खाटेखाली सामान हाय. हात लावायचा नाय."

पहिल्या दिवसापासून ते सामान किणकिणत होतं. कूस बदलली की खालून बारीक आवाज. मी तीन दिवस विचार केला आणि ठरवलं की म्हातारा चोरट्या दारूचा धंदा करतो. सरकारी नोकर म्हणून पोलिसांना कळवणं माझं कर्तव्य होतं. पण कळवलं तर खोली जाणार, आणि खोली गेली तर परत स्टेशनजवळच्या लॉजमधले ढेकूण. कर्तव्यानं ढेकणांपुढं माघार घेतली. चौथ्या दिवशी मामा बाहेर गेलेले बघून मी पोतं सोडलं. आत जुन्या उर्दू वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या काचेच्या विटा. एकीला हिरवट झाक, एकीच्या अंगावर मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी, एक भरीव आणि इतकी जड की माझ्या हातून पायावरच यायची. प्रत्येकीवर उर्दूत लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली.

"दारू निघाली का?" मागून आवाज आला. दारात मामी उभ्या होत्या, हातात पिठाचा डबा. मी घाबरून वीट पोटाशी धरली. त्या म्हणाल्या, "समद्या भाडेकऱ्यांना दारूच वाटती. तुमच्या आधीच्या मास्तराला सोनं वाटलं होतं. घ्या, ठेवा आत नीट, न्हाईतर आवाजावरनं ओळखतील."

ओळखलंच त्यांनी. संध्याकाळी आल्या आल्या खाटेवर बसले, एकदा हलले, आणि म्हणाले, "हिरवी पालथी ठेवलीत."

मामा महसुलाच्या दफ्तरात रेकॉर्डकीपर म्हणून रिटायर झाले होते. सगळं शिक्षण उर्दूत. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला तेव्हा ते नवखे कारकून होते. वरचे साहेब बदलले, शिक्के बदलले, पुढं राज्य बदललं तशी कागदावरची भाषाही बदलली, आणि खुर्ची तीच ठेवून मामा मराठी टिपणी लिहायला शिकले. "बोलायचं मराठी आईचं, लिहायचं सरकारचं," असं ते म्हणत. स्वतःसाठी मात्र उर्दूतच लिहीत. विटांवरच्या त्या चिठ्ठ्या म्हणजे वीट कुठून आली याची नोंद: ही एका पाडलेल्या टॉकीजच्या तिकीटखिडकीतली, ही कुणा डॉक्टरच्या दवाखान्यातली, ही लासूर स्टेशनच्या कापसाच्या जुन्या जिनिंगमधल्या मॅनेजरच्या बंगल्यातली. भरीव होत्या त्या जमिनीत बसवायच्या, तळघरात उजेड पडावा म्हणून. पोकळ होत्या त्या भिंतीच्या.

पोकळ वीट हातात घेतली की ते आधी नखानं टिचकी मारत. ऐकत. मग माझ्या कानाशी धरत.

"ऐकलं? आत हवा हाय. बाहीर निजामाचं राज्य होतं तवा कोंडलेली. पोलीस ॲक्शन झाली, हिला ठाऊकच नाय."

मी इंजिनिअर. गप्प कसा बसणार? मी सांगितलं की मामा, तसं नसतं, दोन अर्ध्या वाट्या तापवून जोडतात, आतली हवा गार झाल्यावर विरळ होते, तिला फारसा दाब उरत नाही. पंधरा मिनिटं सांगितलं. कागदावर आकृती काढून दिली.

मामांनी आकृती नीट बघितली. "विरळ असंल. पण जुनी हाय ना?"

मी आकृती परत घेऊन खिशात घातली.

शहरात कुठं जुनी इमारत पाडायला काढली की मामांना कसं कळायचं देव जाणे. सकाळी थर्मासमध्ये चहा, काखेत छत्री, आणि मामा हजर. पाडणारे मजूर त्यांना ओळखत. ते कुणाला काही मागत नसत. पहार भिंतीवर पडली की यांचा खांदा उडायचा, एवढंच. दुपारपर्यंत मुकादम वैतागून म्हणायचा, "ओ काका, घेऊन जा तुमची ती काच एकदाची. आमाला काम सुधरंना." मग रिक्षा, उशी, पंचा.

घरात त्यामुळं कायदे होते. दार आपटायचं नाही. पलंग सरकवायचा नाही. उखळात काही कांडायचं नाही. मामी मिरच्या घेऊन चार घरं पलीकडे कांडायला जात आणि तिथल्या बायकांना सांगत, "आमच्या घरात नाजूक बाळंतीण हाय. एकशे सतरा लेकरं झालीत तिला."

मामी बिडकीनच्या शेतकरी घरातल्या. बुटक्या, काटक, आणि जीभ अशी की मामा उर्दूत पळून जात. पण त्यांचा खरा राग कशावर होता, ते मला फार उशिरा कळलं. मला उशिराच कळतं.

मामींचं स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला, आणि त्यात अंधार. दिवसाढवळ्या चाळीसचा बल्ब लावून भाकरी थापायच्या. तांदूळ निवडायचे तर ताट घेऊन पुढच्या ओट्यावर यायचं. पूर्वी तिथं पश्चिमेला खिडकी होती. ती शेजारच्या सुभेदारांच्या अंगणात उघडायची. सुभेदार फौजेतून पेन्शनवर आलेले. त्यांच्या सुना आल्या, अंगणात न्हाणीघर झालं, आणि सुभेदार एक दिवस येऊन म्हणाले की खिडकीचं काहीतरी करा. मामा सभ्य माणूस. त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या हातानं खिडकी बुजवली. बायकोला विचारलं नाही.

त्यानंतर वर्षभरानं त्या टॉकीजच्या पाडकामात त्यांना पहिल्या काचेच्या विटा दिसल्या आणि ते घरी अक्षरशः पळत आले. "उजेड येईल, नजर जाणार नाय!" सुभेदारांना वीट डोळ्यांपुढं धरून दाखवली. पलीकडचं नुसतं धूसर दिसतं म्हटल्यावर तेही खूश. खिडकी होती तेवढ्या जागेला तीस विटा लागणार होत्या. टॉकीजमधल्या सहा मिळाल्या.

याला माझ्या येण्याच्या वेळेला अकरा वर्षं झाली होती. विटा एकशे सतरा. भिंत नाही.

"जोड मिळंना," मामा म्हणायचे. एकीची उंची बोटभर जास्त, एकीचा रंग वेगळा. सारख्या मापाच्या तीस झाल्या तेव्हा म्हणाले, नक्षी जुळत नाही. नक्षी जुळली तेव्हा पावसाळा होता. खरं असं होतं की एकदा भिंतीत बसली की वीट हातात घेता येणार नाही, टिचकी मारून कानाशी धरता येणार नाही. हे त्यांनी कबूल केलं नाही आणि मामींना सांगायची गरज नव्हती. त्या म्हणायच्या, "लोकाच्या घरात उजेड खिडकीतनं येतो. आमच्या घरात पोत्यात बांधून ठेवलाय."

मी हसायचो. मला ते एका विक्षिप्त जोडप्याचं गमतीचं भांडण वाटायचं. ऑफिसात जाऊन मी नकला करून दाखवायचो, आणि डब्याच्या वेळेला त्या नकलांची फर्माईश व्हायची. डबा मामींनी दिलेला असायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी सकाळी मामी तांदळाचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून पुढं निघाल्या. मधल्या बोळात आदल्या दिवशीच आणलेलं पोतं होतं. बोळातही अंधारच, आणि हातात ताट; पोतं दिसलं नाही. मला ताटाचा आवाज आला, मग पोत्याचा, मग काहीच नाही. मी धावलो. मामाही धावले. मामी आडव्या पडलेल्या, उजवा हात अंगाखाली, सगळीकडं तांदूळ.

त्या कण्हत नव्हत्या. मामांकडं बघून म्हणाल्या, "आधी ती बघा. फुटली का."

आणि मामांचे डोळे पोत्याकडं गेले.

क्षणभरच. लगेच त्यांनी मामींच्या खांद्याखाली हात घातला. पण गेले होते, ते मामींनी पाहिलं, मी पाहिलं, आणि सगळ्यात जास्त मामांनी स्वतः पाहिलं असावं. मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून परत येताना मामींना रिक्षात बसवून मामा शेजारून पायी चालत आले, सीटवर जागा असून.

पुढचे काही आठवडे मामांनी स्वयंपाक केला. अकरा वर्षांत ते त्या खोलीत पाणी प्यायला सोडून कधी गेले नव्हते. पहिल्या दिवशी वरणात साखर पडली. दुसऱ्या दिवशी पातेलं समजून पालथ्या झाकणावर दूध ओतलं. तिसऱ्या दिवशी भाजीत मला एक मोठं झुरळ सापडलं. मी ते गुपचूप ताटाखाली सारलं, पण मामांनी ओढून बाहेर काढलं, बल्बाजवळ धरून बघितलं आणि मामींना म्हणाले, "तू कसं करत होतीस गं?"

"हातानं बघून," मामी म्हणाल्या.

त्या संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "इंजिनिअर, भिंत बांधायची."

तीस विटा निवडायचं काम आठ दिवस चाललं. सगळ्या विटा ओट्यावर मांडल्या. येणारे जाणारे बघायला थांबायला लागले. मामा एक उचलायचे, टिचकी, कान, परत खाली. आठव्या दिवशी तीस बाजूला निघाल्या. मामी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून बाहेर आल्या, त्यांनी एकेक वीट डाव्या हातानं फिरवून बघितली. कोपरा उडालेली, चरे पडलेली, आत ओल शिरून पांढरी झालेली.

"बाजारातनं भाजी आणताना चांगली बघून आणता ना?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

मग मामांनी त्या तीस परत पोत्यात भरल्या आणि दुसऱ्या तीस काढल्या. या वेळेला टिचकी मारली नाही, कानाला लावली नाही. हिरवी त्यात होती. पोळ्याच्या नक्षीची होती. टॉकीजच्या पहिल्या सहाही होत्या.

इथं माझा प्रवेश. मी ट्रेसिंग पेपरवर शाईनं नकाशा काढला होता, कोपऱ्यात स्वतःची लफ्फेदार सही केली होती. सिमेंटचं प्रमाण भरभक्कम धरलं होतं; पुलाला पुरलं असतं. छावणीतलेच एक म्हातारे गवंडी होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी नकाशा उलटा धरून बघितला, सुलटा करून बघितला, आणि मला म्हणाले, "साब, ये मगरिब की, पच्छिम की दीवार है. दोपहर की धूप सीधी आती. कांच गरम हुई तो फूलती. चूने में बिठाते, और बाजू से, ऊपर से थोडी जगा छोडते."

मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं. मी त्यांना समजावून सांगितलं की चुना आता जुना झाला, सिमेंटची ताकद चुन्याच्या कितीतरी पट असते, आणि जागा सोडली तर भिंत हलेल. "काच फुगते ती अशी किती, उस्ताद? केसाएवढी."

"केस की जगा भी तो होना ना साब," उस्ताद म्हणाले.

मामा आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होते. आयुष्यभर सरकारी कागदावर विश्वास ठेवलेला माणूस. त्यांनी माझ्या सहीकडं बघितलं आणि म्हणाले, "उस्ताद, ते डिग्रीवाले हायेत. ते सांगतात तसं करू."

भिंत दोन दिवसांत उभी राहिली. विटा एकमेकींना घट्ट, चारी बाजूंनी सिमेंट ठासून भरलेलं. पाणी मारायचे दिवस संपले आणि एका दुपारी मामींना आत नेऊन स्टुलावर बसवलं. चारच्या सुमाराला ऊन भिंतीवर आलं. फरशीवर हिरवा, पिवळसर, पांढरा असे तुकडे पडले. मामींनी पाय पुढं करून एका तुकड्यात ठेवला. पलीकडं सुभेदारांची कुठलीशी सून कपडे वाळत घालत होती, तिचा नुसता रंग हलताना दिसत होता. मग मामी म्हणाल्या, "डबे किती कळकट झालेत माझे!" आणि डाव्या हातानं डबे काढायला लागल्या.

मामा माझ्याकडं वळले आणि त्यांनी मला चक्क वाकून आदाब केला. मी तो स्वीकारला. "अहो, त्यात काय, साधं गणित आहे," असंही म्हणालो.

पहिला आवाज वैशाखातल्या एका रविवारी आला. तीन वाजून गेले होते, आम्ही तिघं स्वयंपाकघरातच उशिरा जेवत होतो. भिंत झाल्यापासून मामा तिथंच जेवत. टक्. बोटं मोडल्यासारखा. मामांचा घास हातात राहिला. त्यांना कोणती वीट हे बघावं लागलं नाही.

"हिरवी," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "गेली हवा."

मी म्हणालो, एखाद्या विटेत मुळातच दोष असू शकतो. तेवढ्यात दुसरी गेली. मी म्हणालो, उष्णता आता ओसरेल. तिसरी. तीन दिवसांत अकरा विटांना आरपार तडे गेले. रोज दुपारी तीनच्या पुढं घरात कुणी बोलायचं नाही; मीही अर्धी रजा टाकून ऐकत बसायचो. त्या तीन दिवसांत मी केवढे शब्द वापरले! प्रसरण, गुणांक, ताण, विषम तापमान. हे सगळे शब्द मला भिंत बांधायच्या आधीही येत होते. परीक्षेत या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते.

चौथ्या दिवसापासून मी सकाळी लवकर बाहेर पडायला लागलो, जेवण खानावळीत. बदलीचा अर्जही लिहिला, प्रकृतीचं कारण देऊन. एका संध्याकाळी चोरपावलांनी खोलीत शिरत होतो तर मामींनी अडवलं. "भिताडातनं पाऊस येतो का?"

"नाही."

"साप येतो का?"

"नाही."

"मग जेवायला यायला काय झालं? मला हात नाय, त्यांना चव नाय. निदान तुम्ही बसून नावं तर ठेवा."

मी गेलो. स्वयंपाकघरात उस्ताद बसले होते, मामांनी बोलावलं होतं. भिंत बघून झाली होती. उस्तादांनी माझ्याकडं एकदाच बघितलं आणि नजर खाली घेतली. ते मला बोलले असते तर बरं झालं असतं.

मामा म्हणाले, "उस्ताद, तुमचं ऐकायला पायजे होतं. चूक माझी." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तेव्हा नाही आणि पुढं कधीच नाही.

उस्तादांनी दोन गोष्टी सांगितल्या. एकोणीस विटा अजून शाबूत होत्या. सांभाळून छिन्नी चालवली तर त्या काढून देता येतील. साध्या मातीच्या विटांनी बुजवून टाकू परत. नाहीतर कडेचं सगळं सिमेंट खरवडून जागा मोकळी करायची, फुटलेल्या बदलायच्या आणि सगळं चुन्यात घ्यायचं. पण ऊन ते ऊनच. पुढच्या उन्हाळ्यात आणखी एखादी गेली तर आपली जबाबदारी नाही.

मामी चुलीकडं तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही, शब्द काढला नाही. मामा भिंतीसमोर उभे राहिले. पोळ्याच्या नक्षीची वीट शाबूत होती, तिच्यावर त्यांनी हात ठेवला. संध्याकाळचं उतरतं ऊन त्यांच्या बोटांवर पडलं होतं.

"अकरा काढून आणतो," ते म्हणाले आणि पोतं सोडायला बाहेर गेले.

मामींच्या डोळ्यांना तेव्हा पदर लागला. धूर नव्हता.

दुरुस्ती पाच दिवस चालली. मी रजा काढली. उस्ताद छिन्नीनं कडा मोकळ्या करत होते, त्या जागेत डांबरात बुडवलेली सुतळी ठासत होते, आणि मी अंगणात चुना मळत होतो. पहिल्या दिवशी ते मला "साब" म्हणत होते. दुसऱ्या दिवशी "इंजिनिअर, घमेलं." तिसऱ्या दिवसापासून नुसतं "घमेलं." मामा कडेला बसून सुतळीच्या गुंड्या सोडवून देत आणि चुना फार पातळ झाला की सांगत, "घमेलं, डिग्री नक्को लावू त्यात." ऑफिसात ही नक्कल मी करून दाखवली नाही.

त्यानंतर त्या भिंतीतली एकच वीट गेली, आणि तीही शेजारच्या क्रिकेटच्या चेंडूनं. मामींचं प्लास्टर निघालं. पाडकामावर जाणं मामांनी सोडलं नाही. थर्मास, छत्री, रिक्षा, सगळं तसंच. फक्त बोळातलं पोतं गेलं, आणि दुपारी ते स्वयंपाकघरात येऊन उर्दू पेपर वाचायला लागले. मामी तक्रार करत, "लई मधे मधे येतात."

दोन वर्षांनी माझी बदली झाली. मग पंचवीसएक वर्षं मी गावोगाव फिरलो, बढत्या घेतल्या, पूल बांधले. पत्र पाठवीन म्हणालो होतो, दोन पाठवली. मामा गेल्याचं मला त्यांना जाऊन वर्ष झाल्यावर कळलं. तेव्हा एका बैठकीच्या निमित्तानं गावात गेलो आणि छावणीतलं घर शोधत गेलो.

आधी सुभेदारांचं घर ओळखू येईना. तिथं तीन मजली इमारत उभी होती, मामांच्या पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर बोळ सोडून. मी बाहेरूनच हिशोब केला: ऊन संपलं. मामी पार वाकल्या होत्या, पण आवाज तोच. त्या मला आत घेऊन गेल्या. स्वयंपाकघर परत अंधारलेलं. भिंत होती, सगळ्या विटा जागच्या जागी, राखाडी.

मी भडकलो. म्हणालो, मामांनी हे होऊ कसं दिलं? कायदा आहे, नियम आहेत, मला कळवायचं, मी त्या सुभेदारांच्या पोरांना—

"बसा," मामी म्हणाल्या. "नातवाचं लगीन झालं, जागा पुरंना त्यांना. त्यांनी काय उघड्यावर झोपायचं? ह्यांना कळलं तवा हे बी लई तापले. दोन दिवस जेवले नाय. तिसऱ्या दिवशी छत्री घेतली आन् गेले त्यांच्या बांधकामावर. रोज जाऊन बसायचे. म्हणायचे, एकच काम करा, जिना ह्या अंगाला घ्या."

"जिना?"

"तुम्हीच इंजिनिअर ना?" मामी म्हणाल्या. "जिन्यात अंधार. लोक दिवसा बी बटन दाबून चढतात. जिन्याच्या भिंतीला ह्यांनी विटा दिल्या. होत्या नव्हत्या तेवढ्या समद्या. स्वतः उभं राहून चुन्यात बसवून घेतल्या, काठी टेकीत. चिठ्ठ्या तवढ्या काढून घेतल्या. ह्या भिंतीतल्या सोडल्या तर घरात आता एक बी वीट नाय."

खाटेखाली बघायची मला उगीच इच्छा झाली.

तेवढ्यात पलीकडं कुणीतरी बटण दाबलं. आधी बोळाच्या पलीकडची भिंत उजळली, मग अलीकडची, आणि स्वयंपाकघरात दुधासारखा उजेड आला. डबे दिसले, चूल दिसली, मामींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसल्या. विटांमधून एक आकृती हळूहळू वर सरकत होती.

"थोरली सून हाय," मामी म्हणाल्या. "गुडघे दुखतात तिचे. तिच्या टायमाला लई येळ उजेड ऱ्हातो."

मग त्या उजेडात त्यांनी मला पहिल्यांदा नीट बघितलं. चष्मा वर सारून, मान वाकडी करून, निरखून बघितलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "इंजिनिअर, केस कुठं गेले तुमचे?"